निकालानंतरचा निकाल

जानेवारी १९५२. मुंबई उत्तर हा लोकसभेचा दोन जागांचा मतदारसंघ, एक जागा सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते होती, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धत तेव्हा नव्हती. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याचे चिन्ह, आणि मतदाराने आपली मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. राखीव जागेसाठी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. सर्वसाधारण जागेवर समाजवादी पक्षाचे अशोक मेहता त्यांचे जोडीदार होते. निकाल लागला तेव्हा काँग्रेसच्या नारायण सदोबा काजरोळकरांना १,३८,१३७ आणि बाबासाहेबांना १,२३,५७६ मते पडली होती. फरक १४,५६१ मतांचा. बाद झालेल्या मतपत्रिका मात्र ७४,३३३ होत्या.

आंबेडकर आणि मेहता यांचा आरोप असा होता की, मतदारांना दुसरे मत मुद्दाम वाया घालवायला शिकवले गेले. दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाका, एक बाद झाली तरी चालेल, पण ती बाबासाहेबांच्या पेटीत जाता कामा नये, असा हा प्रचार. रोख कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे आणि इतरांकडे होता. एप्रिल १९५२ मध्ये दोघांनी मिळून निवडणूक आयोगाकडे याचिका दिली आणि ही निवडणूक रद्दबातल ठरवा, अशी मागणी केली. याचिका फळाला आली नाही. काजरोळकर १९५७ पर्यंत लोकसभेत राहिले. बाबासाहेब राज्यसभेवर गेले.

मुंबई उत्तरच्या या वादात एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बाबासाहेब ज्या व्यवस्थेकडे न्याय मागायला गेले, तिचे कलम त्यांनी स्वतःच घटना समितीपुढे मांडले होते. १५ जून १९४९ रोजी मसुद्यातले २८९ वे कलम, म्हणजे आजचे ३२४ वे, त्यांनी सुधारित रूपात सभागृहापुढे ठेवले. मतदार याद्या करणे आणि निवडणुका घेणे ही कामे स्वतंत्र आयोगाकडे सोपवताना त्यात आणखी एक अधिकार घातलेला होता: निवडणुकीतून उठणारे वाद मिटवण्यासाठी निवडणूक न्यायाधिकरणे नेमण्याचा. जोडीला ३२९ व्या कलमाने कुंपण घातले. निवडणुकीला आव्हान द्यायचे तर ते निवडणूक याचिकेनेच, कायद्याने ठरवलेल्या प्राधिकरणापुढेच. दिवाणी न्यायालयाची वाट बंद.

हे कुंपण का घातले, हे कळायला इंग्लंडकडे थोडे पाहावे लागते. तिथे वादग्रस्त निवडणुकीचा निवाडा कॉमन्स सभागृह स्वतः करत असे. कोण निवडून आला हे बहुमत ठरवी आणि बहुमत आपल्या माणसाकडे झुके. हे इतके उघड होते की १७४२ साली चिपनहॅमच्या निवडणुकीच्या अर्जावर सभागृहात हार झाली आणि पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोलला सत्ता सोडावी लागली. एका मतदारसंघाच्या वादातल्या मतदानावरून सरकारचा पाठिंबा मोजला जात होता. १७७० मध्ये जॉर्ज ग्रेनव्हिलने कायदा करून हे काम चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या समित्यांकडे दिले. अखेर १८६८ मध्ये ते न्यायाधीशांकडे गेले. न्यायाधीशांना ते नको होते. सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी लेखी निषेध नोंदवला, कारण राजकारणाच्या चिखलात न्यायासनाची प्रतिष्ठा जाईल, ही त्यांची भीती होती. ती भीती खोटी नव्हती. पण दुसरा मार्गही उरला नव्हता.

आपल्याकडे १९१९ च्या सुधारणांनंतर गव्हर्नर चौकशीसाठी आयुक्त नेमत आणि आयुक्त आपला अहवाल गव्हर्नरलाच देत. म्हणजे निवाड्याची दोरी सरकारच्याच हाती. स्वतंत्र भारताने ती सरकारच्या हातातून काढून निवडणूक आयोगाकडे दिली. त्या काळासाठी हे मोठे पाऊल होते.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ मध्ये आला आणि न्यायाधिकरणांना आकार मिळाला. पराभूत उमेदवाराने किंवा मतदाराने याचिका आयोगाकडे द्यायची आणि सोबत खर्चाची हमी म्हणून १,००० रुपये अनामत ठेवायची. आयोग याचिका तपासणार, मग त्या एका याचिकेसाठी तीन जणांचे न्यायाधिकरण नेमणार. त्यात आजी किंवा माजी न्यायाधीश असत आणि एक जागा अनुभवी वकिलाला. निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. निवाडा झाला की न्यायाधिकरण संपले. पुढच्या वादाला नवे न्यायाधिकरण, नवी माणसे.

कागदावर हे सुटसुटीत दिसते. तरी मला या रचनेत पहिल्यापासून दोन खोटी दिसतात. ज्या आयोगाने निवडणूक घेतली, त्याच्याच कारभारात चूक झाली असे याचिकाकर्ता म्हणत असेल, तर ती ऐकणारी माणसे त्याच आयोगाने निवडायची, हे न्यायाला शोभणारे नव्हते. दुसरे असे की, तीन लोक एका याचिकेपुरते एकत्र यायचे आणि पांगायचे. कायद्याचा अर्थ एकाने एक लावला, दुसऱ्याने दुसरा. अनुभव साठायला जागाच नव्हती. सुकुमार सेन यांच्या आयोगाने सतरा कोटींवर मतदारांची पहिली निवडणूक पार पाडली, ते काम जगाने वाखाणले आणि ते योग्यच होते. निवाड्याच्या यंत्रणेकडे तेवढे लक्ष गेले नाही.

या यंत्रणेचा पहिला घटनात्मक कस मद्रास राज्यात लागला, तोही मतमोजणी होण्याआधीच. सेलम जिल्ह्यातल्या नामक्कल मतदारसंघात एन. पी. पोन्नुस्वामी यांचा विधानसभेसाठीचा उमेदवारी अर्ज निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने २८ नोव्हेंबर १९५१ रोजी छाननीत फेटाळला. ते उच्च न्यायालयात गेले. त्यांचा मुद्दा रास्त वाटतो: अर्जच नाकारला तर निवडणूक झाल्यावर भांडून काय मिळणार? सर्वोच्च न्यायालयात सहा न्यायमूर्तींनी ते प्रकरण ऐकले आणि २१ जानेवारी १९५२ रोजी न्या. फाजल अली यांनी निकाल दिला. अधिसूचनेपासून निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया म्हणजे निवडणूक, ती मध्येच अडवता येणार नाही, आणि जे काही म्हणायचे ते शेवटी निवडणूक याचिकेतच म्हणायचे. शिवाय उभे राहण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, तेव्हा त्यावरचा उपायही कायद्याने दिलेलाच घ्यावा लागेल.

या निकालावर टीका झाली आहे, पण त्या जानेवारीत देशभर मतदान चालू होते. प्रत्येक फेटाळलेल्या अर्जावर एकेक उच्च न्यायालय स्थगिती देऊ लागले असते, तर पहिली निवडणूक कधी संपली असती कोण जाणे. मला हा निकाल पटतो. मात्र त्याची किंमत मोठी होती. सगळे ओझे निकालानंतरच्या याचिकेवर आले. ती याचिका वेळेत निघाली तरच पोन्नुस्वामींसारख्यांना न्याय मिळणार होता.

मग आले होशंगाबाद. हरि विष्णू कामथ आयसीएसची नोकरी सोडून सुभाषबाबूंबरोबर गेलेले. घटना समितीतले अतिशय जागरूक सदस्य. पहिल्या लोकसभा निवडणुकीत होशंगाबादेत सय्यद अहमद यांना ६५,३७५ आणि कामथांना ६५,२०१ मते जाहीर झाली. हार अवघ्या १७४ मतांनी.

त्या वेळी लोकसभेच्या मतपत्रिकेच्या डाव्या कडेजवळ हिरवी पट्टी असे आणि विधानसभेच्या मतपत्रिकेवर तपकिरी. दोन्ही मतदाने बरोबरच होती. सोभापूरच्या दोन मतदान केंद्रांवर अधिकाऱ्यांच्या हातून गल्लत झाली आणि लोकसभेच्या मतदारांना तपकिरी पट्टीच्या मतपत्रिका वाटल्या गेल्या. मतदारांनी त्या इमानाने पेट्यांत टाकल्या. त्यांतल्या ३०१ विजयी उमेदवाराच्या पेटीत निघाल्या. मोजणीच्या वेळी हरकत आली, तरी त्या धरल्या गेल्या. योग्य खुणेची नसलेली मतपत्रिका बाद करावी, असे नियम सांगत होता.

इथे कोणी लाच दिली नव्हती की दमदाटी केली नव्हती. मतदाराने आपले काम चोख केले होते. तरीही निकाल कोणाच्या बाजूचा, हे एका रंगीत पट्टीवर अडले. निवडणूक न्यायालय कशासाठी लागते, हे मला कुठल्याही व्याख्येपेक्षा या सोभापूरच्या तपकिरी पट्टीत जास्त स्पष्ट दिसते.

न्यायाधिकरणाने कामथांची याचिका फेटाळली. कायदा म्हणत होता, निवाडा अंतिम. कामथ तरीही नागपूर उच्च न्यायालयात गेले, तिथे निराशा झाली, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात सात न्यायमूर्तींपुढे आले. तिथे प्रतिपक्षाने मोठा विलक्षण मुद्दा मांडला. न्यायाधिकरण तर निवाडा देऊन संपले, आता अस्तित्वातच नाही, मग उच्च न्यायालयाने आदेश काढायचा तो कोणाला? एका याचिकेपुरते न्यायालय उभारायचे आणि मोडायचे, या पद्धतीतली पोकळी इथे उघडी पडली. न्यायालयाने उत्तर दिले की, असा आदेश व्यक्तींवर नसून दप्तरावर चालतो. निवाड्याचे कागद अस्तित्वात आहेत, तेवढे पुरे. ९ डिसेंबर १९५४ च्या या निकालाने खुणेचा नियम बंधनकारक ठरला, न्यायाधिकरणाचा निवाडा रद्द झाला आणि निवडणूकही गेली. १९५५ च्या पोटनिवडणुकीत होशंगाबादने कामथांना लोकसभेत पाठवले. तोपर्यंत पहिल्या लोकसभेची अर्ध्याहून अधिक मुदत उलटली होती.

कामथांना न्याय मिळाला, पण त्याच निकालाने एक दार उघडले. न्यायाधिकरणांवर उच्च न्यायालयांची देखरेख आहे, हे ठरल्यावर हुशार वकिलांनी त्या दाराचा पुरेपूर उपयोग केला. याचिकेत दुरुस्ती करू दिली, एखादा तपशील मागितला, एखादा साक्षीदार नाकारला, की अंतरिम आदेशावर उच्च न्यायालय, तिथून सर्वोच्च न्यायालय. मूळ सुनावणी तोवर थांबलेली. निवडून आलेल्याला घाई नसतेच. त्याला फक्त पाच वर्षे काढायची असतात.

१९५६ मध्ये कायदा बदलला. तिघांऐवजी एकच सदस्य, तो जिल्हा न्यायाधीश दर्जाचा, आणि निवाड्यावर उच्च न्यायालयात रीतसर अपील. याने शिस्त आली, पण अपिलाची एक पायरीही वाढली. जिल्हा न्यायाधीशाला आपली रोजची कामे होतीच. समोर मंत्री किंवा आमदार प्रतिवादी म्हणून उभा राहिला की तालुक्या-जिल्ह्याच्या ठिकाणी त्याच्यावर येणारे दडपणही कमी नसते. तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर आयोगानेच ही पद्धत बंद करावी, असे मत दिले. डिसेंबर १९६६ मध्ये एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने ३२४ व्या कलमातले निवडणूक न्यायाधिकरणांचे शब्द काढून टाकले. याचिका आता थेट उच्च न्यायालयात, एका न्यायमूर्तीपुढे, आणि त्यावरचे अपील थेट सर्वोच्च न्यायालयात. सुनावणी शक्यतो रोजच्या रोज चालवावी आणि सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न करावा, असे कायद्यात लिहिले. सर्वोच्च न्यायालयातल्या अपिलासाठी तीन महिने. मोजून पाहिले तर वर्षाच्या आत सगळे मिटायला हवे.

या बदलाने काय मिळाले, हे अलाहाबाद उच्च न्यायालयाने दाखवले. मार्च १९७१ मध्ये इंदिरा गांधींनी रायबरेलीत राजनारायण यांना एक लाख अकरा हजारांवर मतांनी हरवले. राजनारायण यांनी त्याच एप्रिलमध्ये याचिका केली. मार्च १९७५ मध्ये पंतप्रधान स्वतः न्या. जगमोहनलाल सिन्हा यांच्यापुढे साक्षीला आल्या. न्यायमूर्ती येतील तेव्हाच सगळ्यांनी उभे राहायचे, साक्षीदारासाठी नाही, असे न्या. सिन्हांनी आधीच बजावले होते. उलटतपासणी शांतिभूषण यांनी घेतली. १२ जून रोजी निकाल आला. यशपाल कपूर हे सरकारी सेवेत असताना त्यांची प्रचारासाठी मदत घेतली आणि उत्तर प्रदेश सरकारच्या अधिकाऱ्यांकडून सभांची व्यासपीठे व वीज यांची सोय करून घेतली, या दोन मुद्द्यांवर निवडणूक रद्द झाली. सोबत सहा वर्षांची अपात्रता. एखाद्या जिल्हा न्यायाधीशाच्या एकसदस्य न्यायाधिकरणाला हे पेलले असते का? मला शंका आहे. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीची घटनात्मक सुरक्षितता इथे कामी आली.

आणीबाणीचा पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. त्यातला एक भाग मात्र या विषयाचा गाभा आहे. सर्वोच्च न्यायालयात अपिलाची सुनावणी ११ ऑगस्ट १९७५ ला होती. ७ ऑगस्टला एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती लोकसभेत आली आणि त्याच दिवशी मंजूर झाली. दुसऱ्या दिवशी राज्यसभा, आणि १० ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती. तिने ३२९-अ हे नवे कलम घातले. पंतप्रधान आणि लोकसभेचे अध्यक्ष यांच्या निवडणुकीचा वाद यापुढे न्यायालयात जाणार नाही, संसद ठरवील त्या खास प्राधिकरणाकडे जाईल. शिवाय आधी झालेला निकाल जणू झालाच नाही, निवडणूक वैध. म्हणजे निवडणूक वादांसाठी वेगळे, खास पीठ ही कल्पना पुन्हा आली, पण या वेळी ती सत्तेला न्यायापासून वाचवण्यासाठी.

७ नोव्हेंबर १९७५ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने त्या कलमाचा चौथा, म्हणजे निकाल पुसून टाकणारा भाग रद्द केला. मुक्त आणि न्याय्य निवडणूक हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग आहे, असे न्या. हंसराज खन्ना यांनी म्हटले. पीठावर आपले यशवंत विष्णू चंद्रचूडही होते. इंदिरा गांधींची निवडणूक मात्र टिकली, कारण निवडणूक कायदाच पूर्वलक्षी प्रभावाने बदलला होता. ३२९-अ कलम अखेर १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने गेले. खास न्यायालय कोणी, कधी आणि कोणासाठी काढले, हे विचारल्याशिवाय त्याचे स्वागत करू नये, हे मी तिथून शिकलो आहे.

वेळेचा प्रश्न मात्र १९६६ च्या बदलानेही सुटला नाही, आणि त्याचा पुरावा आपल्या मुंबईतच आहे. डिसेंबर १९८७ मध्ये विलेपार्ले विधानसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. शिवसेनेचा पाठिंबा असलेले डॉ. रमेश प्रभू जिंकले, काँग्रेसचे प्रभाकर कुंटे हरले. प्रचारात बाळासाहेब ठाकरे यांनी केलेल्या भाषणांतून धर्माच्या नावाने मते मागितली गेली, असे कुंटे यांचे म्हणणे. मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. सॅम भरुचा यांनी ७ एप्रिल १९८९ रोजी प्रभूंची निवड रद्द केली. सहा महिन्यांत नाही, पण सव्वा वर्षाच्या आसपास. हे मी कौतुकाने लिहितो, कारण असे फार थोड्या प्रकरणांत घडते. मग अपील सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथे न्या. जे. एस. वर्मा यांच्या पीठाचा निकाल आला तो ११ डिसेंबर १९९५ रोजी. उच्च न्यायालयाचा निकाल कायम झाला. पण ज्या विधानसभेची ती जागा होती ती १९९० सालीच विसर्जित झाली होती. मधल्या काळात राज्यात आणखी दोन विधानसभा निवडणुका झाल्या आणि शिवसेना-भाजप युतीचे सरकारही आले.

त्याच दिवशी, त्याच पीठाने मनोहर जोशी यांच्या १९९० च्या दादरमधील निवडीचाही निकाल दिला. ती उच्च न्यायालयाने रद्द केली होती, सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. जोशी तोवर मुख्यमंत्री झाले होते. पार्ले प्रकरणातून ठाकरे यांचा मतदानाचा हक्क सहा वर्षांसाठी काढून घेण्याचा राष्ट्रपतींचा आदेश जुलै १९९९ मध्ये निघाला, आणि सहा वर्षे मोजायची होती ११ डिसेंबर १९९५ पासून. आदेश हातात पडला तेव्हा शिक्षेची अर्ध्याहून अधिक मुदत संपून गेलेली होती. या प्रकरणात कोण बरोबर, यावर मराठी माणसांची मते टोकाची आहेत आणि राहतील. पण आठ वर्षांपूर्वीच्या भाषणांचा हिशेब असा लागावा, हे कुंटे, प्रभू, ठाकरे आणि पार्ल्याचे मतदार यांपैकी कोणावरही न्याय्य नव्हते.

उच्च न्यायालयातले न्यायमूर्ती आळशी नाहीत. त्यांच्या यादीवर जामीन असतात, अपिले असतात, शेकडो रिट याचिका असतात, आणि त्यांतच एक निवडणूक याचिका असते. तिला स्वतंत्र वेळ नाही. १९५१ च्या न्यायाधिकरणांना फक्त तेच काम होते, पण त्यांच्याकडे दर्जा आणि स्थैर्य नव्हते. उच्च न्यायालयाकडे दर्जा आहे, मोकळा वेळ नाही. दोन्ही एकत्र आणायला नवी घटना लागत नाही. उच्च न्यायालयातच एक पीठ असावे, ते निवडणुकीनंतर त्याच कामाला बसावे आणि याचिका संपेपर्यंत उठू नये.

हे मी पहिल्यांदा सांगत नाही. न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने मार्च २०१५ मध्ये दिलेल्या २५५ व्या अहवालात प्रत्येक उच्च न्यायालयात अशी निवडणूक पीठे नेमावीत आणि सुनावणी रोजच्या रोज व्हावी, अशी शिफारस केली. शहा मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते, हे काम आतून पाहिलेले. तुमच्या खासदाराला किंवा आमदाराला पुढच्या वेळी भेटाल तेव्हा त्या शिफारशीचे काय झाले, हे जरूर विचारा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ८६ व्या कलमात सहा महिन्यांची ओळ १९६६ पासून तशीच आहे.